नब्ज, रोजा आणि रक्त पातळ करणारी गोळी

रमजान जवळ आला की मोहल्ल्यातल्या मेडिकलवाल्याला आणि मशिदीतल्या इमामसाहेबांना एक प्रश्न हमखास विचारला जातो, “महिनाभर गोळी सोडली तर चालेल का?” शुगर आणि बीपीच्या रुग्णांबद्दल आता बरंच बोललं जातं. त्यांच्यासाठी पत्रकं निघतात, जुम्याच्या बयानात दोन वाक्यं येतात. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यांच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. खरं तर गोळी सोडल्याची किंमत सर्वात अचानक मोजावी लागते ती याच रुग्णांना. सकाळी फजरला उठलेला माणूस दुपारी तोंड वाकडं होऊन, अर्धं अंग लुळं पडून रुग्णालयात जातो. घरचे म्हणतात लकवा मारला, नजर लागली, बीपी वाढलं असेल. आठ दिवसांपासून एक छोटी गोळी बंद होती, हे फार उशिरा कळतं.

पनवेल हे रायगडचं प्रवेशद्वार. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड, महाडकडची माणसं मोठ्या दवाखान्यासाठी मुंबईला जाताना याच गावावरून जातात आणि अनेक जण इथेच थांबतात. मुलगा आखातात, सून गावी आणि म्हातारे आईवडील औषधांची पिशवी घेऊन कुणा नातेवाइकाच्या घरी, असं चित्र आपल्याकडे नवं नाही. त्या पिशवीतल्या कोणत्या गोळीचं काय काम, हे पिशवी धरणाऱ्याला क्वचितच ठाऊक असतं. म्हणून आधी आजार समजून घेऊ.

अनियमित ठोक्यांचे प्रकार अनेक आहेत. काही अगदी निरुपद्रवी असतात, काही मिनिटांत जीव घेतात. सर्वाधिक आढळणारा आणि दीर्घकाळ औषधं लागणारा प्रकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. नाडी धरली तर तिला कसलाच ताल सापडत नाही. युनानी हकीम ज्याला ‘खफकान’ म्हणत, ती धडधड अनेकांना जाणवते. काहींना काहीच जाणवत नाही आणि इथेच फसगत होते. वरचा कप्पा नुसता थरथरत असल्यामुळे त्याच्या एका कोपऱ्यात रक्त साचतं, साचलेल्या रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की लकवा. या आजारात मेंदूच्या झटक्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो.

त्यामुळे औषधांची कामं तीन. पहिलं, ठोक्यांचा वेग आटोक्यात ठेवणं. त्यासाठी मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिन देतात. दुसरं, बिघडलेला ताल पुन्हा सरळ करणं. त्यासाठी अॅमिओडॅरोन, फ्लेकेनाइडसारखी औषधं असतात. आणि तिसरं, गुठळी होऊ न देणं. हे काम आपण ज्याला ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतो तिचं. रुग्णाला वाटतं, धडधड थांबली म्हणजे आजार गेला. म्हणून तो पहिल्या दोन गोळ्या प्रामाणिकपणे घेतो आणि तिसरी सोडतो, कारण तिसरीने त्याला बरं वाटल्याचं काहीच कळत नाही. जीव वाचवण्यात मात्र तिसरीचा वाटा मोठा असतो. वॉरफेरिन नीट घेतलं तर या आजारातला मेंदूच्या झटक्याचा धोका साधारण दोनतृतीयांशाने घटतो. अॅस्पिरिनने त्याच्या जवळपासही फायदा होत नाही. तरीही “हृदयाचं आहे ना, मग अॅस्पिरिन घ्या” असा सल्ला आजही शेजारीपाजारी सर्रास मिळतो.

ठोका सरळ झाला की काम झालं, ही समजूत एके काळी डॉक्टरांचीही होती. हार्ट अटॅकनंतर काही रुग्णांच्या हृदयात अधूनमधून जादा ठोके पडतात. ते औषधाने दाबले तर माणसं जास्त जगतील, असा सरळ हिशेब होता. अमेरिकेत या हिशेबाची मोठी चाचणी झाली आणि १९८९ मध्ये तिचे प्राथमिक आकडे प्रसिद्ध झाले. फ्लेकेनाइड किंवा एनकेनाइड घेणाऱ्या ७३० रुग्णांपैकी ५६ दगावले, तर नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या ७२५ पैकी २२. औषधाने ईसीजी सुधारला होता, जादा ठोके कमीही झाले होते आणि माणसं मात्र जास्त मेली. त्यानंतर या औषधांकडे बघण्याची दृष्टी बदलली. फ्लेकेनाइड आजही वापरतात, पण ज्यांचं हृदय एरवी धडधाकट आहे अशाच रुग्णांत. २००२ मध्ये चार हजारांहून अधिक रुग्णांच्या एका अभ्यासात दिसलं की, ताल सरळ करण्याचा अट्टहास आणि फक्त वेग आटोक्यात ठेवणं, या दोन मार्गांत मृत्यूंच्या बाबतीत फायद्याचा फरक पडत नाही. २०२० मध्ये पुन्हा एक अभ्यास आला. आजार नवा असताना, पहिल्या वर्षभरातच ताल सरळ करण्याचे उपचार सुरू केले तर फायदा होतो, असं त्यात आढळलं. यातून एक समजायला हवं. शेजारच्या चाचाला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असं नाही. रोगाचं नाव एक असलं तरी हृदय वेगळं, वय वेगळं आणि वेळ वेगळी.

आपल्या देशात तर हा फरक आणखी मोठा आहे. युरोप-अमेरिकेत हा मुख्यतः सत्तरीतल्या म्हाताऱ्यांचा आजार. भारतातल्या सुमारे दीड हजार रुग्णांची नोंद इथल्या हृदयतालतज्ज्ञांच्या संघटनेने ठेवली, तेव्हा सरासरी वय पंचावन्नच्या आसपास निघालं आणि निम्म्याच्या जवळपास रुग्णांच्या मुळाशी रूमॅटिक हृदयविकार सापडला. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, घरचे काढा देऊन सोडून देतात. वर्षांनी त्याच तापाने हृदयाची झडप आखडलेली सापडते. दाटीच्या वस्तीत, एका खोलीत सातआठ माणसं राहतात तिथे हा ताप फोफावतो. म्हणजे आपल्याकडे हा आजार जितका वयाचा आहे तितकाच गरिबीचाही.

आणि इथेच आखातातून आलेल्या महागड्या गोळीचा प्रश्न येतो. गेल्या पंधरा वर्षांत डॅबिगाट्रॅन, रिव्हारोक्साबॅन, अॅपिक्साबॅन अशी नवी औषधं आली. त्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही, पालेभाजी मोजावी लागत नाही. झडप चांगली असलेल्या रुग्णांसाठी ती खरोखर सोयीची आहेत. डॅबिगाट्रॅनचा समावेश २०२२ मध्ये आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही झाला. पण त्याच वर्षी, भारतासह २४ देशांतल्या साडेचार हजार रूमॅटिक रुग्णांवर झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ या चाचणीचे निष्कर्ष आले. जुन्या, स्वस्त, वॉरफेरिनच्या जातीच्या गोळ्या घेणारे रुग्ण रिव्हारोक्साबॅन घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले आणि त्यांच्यात रक्तस्रावाचं प्रमाणही जास्त नव्हतं. झडप खूप आखडलेली असेल किंवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर आजही जुनीच गोळी योग्य. “अम्मीसाठी मुलाने दुबईहून भारी गोळी पाठवली आहे, आता ही इथली स्वस्त बंद” हे वाक्य प्रेमातून येतं, पण ते प्रेम अम्मीला महागात पडू शकतं.

दुसरीकडे, ‘अंग्रेजी दवा’ नकोच म्हणणारा एक वर्ग आपल्यात आहे. खमीरा घ्या, कलौंजीचं तेल घ्या, लसूण चघळा, आणि ही गोळी तर उंदीर मारायचं विष आहे, असे मेसेज मोबाइलवर फिरत असतात. यातला शेवटचा भाग अर्धा खरा आहे. अमेरिकेत सडलेलं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली, त्या शोधातून वॉरफेरिन जन्माला आलं. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी विकलं गेलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. विष आणि औषध यांतला फरक मात्रेचा असतो, हे आपले जुने हकीमही सांगत आले. ती मात्रा मोजण्याचं साधन म्हणजे आयएनआर ही रक्ततपासणी. बहुतेकांचा आकडा २ ते ३ च्या दरम्यान राहावा लागतो. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. उंदराचा आयएनआर कुणी काढत नाही, एवढाच तो फरक.

‘आपली दवा’ आणि ‘त्यांची दवा’ ही भिंत तर इतिहासातच टिकत नाही. इब्न सिनांनी हजार वर्षांपूर्वी फक्त हृदयाच्या औषधांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. हकीम अजमल खान यांनी दिल्लीत तिब्बिया कॉलेज उभारलं, त्याचं उद्घाटन १९२१ मध्ये गांधीजींनी केलं. हकीमसाहेबांचा आग्रह असा की, युनानी आणि आयुर्वेदिक वनस्पती आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर घासून बघायच्या. त्यासाठी त्यांनी जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमां सिद्दीकींना संशोधनाला बसवलं. सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळातून, म्हणजे हकीम ज्याला ‘असरोल’ म्हणतात त्यातून, १९३१ मध्ये काही शुद्ध द्रव्यं वेगळी केली. त्यातल्या एकाला त्यांनी हकीमसाहेबांचं नाव दिलं, ‘अजमलीन’. ते हृदयाच्या तालावर काम करणारं औषध निघालं. ब्रुगाडा नावाचा आनुवंशिक तालदोष लपलेला असेल तर तो उघडा पाडण्यासाठी युरोपात आजही अजमलीनचं इंजेक्शन वापरतात. एका मुस्लिम हकीमाचं नाव अशा रीतीने हृदयविज्ञानाच्या पुस्तकांत कायमचं नोंदलं गेलंय आणि आपल्या पोरांना ते ठाऊक नाही. त्याच सर्पगंधेवर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांत अभ्यास केला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. तेव्हा कुठे जगाचं या मुळीकडे लक्ष गेलं.

अॅमिओडॅरोनचीही हकीकत तशीच. इजिप्तमध्ये मूतखड्यावर पिढ्यान् पिढ्या वापरल्या जाणाऱ्या एका रानवनस्पतीत खेलीन नावाचं द्रव्य असतं. कैरोत काम करणाऱ्या अनरेप या शास्त्रज्ञाला १९४० च्या दशकात त्याचा हृदयावरचा परिणाम दिसला. त्या द्रव्याच्या धाग्यावरून १९६१ मध्ये बेल्जियममध्ये अॅमिओडॅरोन तयार झालं आणि १९७० मध्ये ऑक्सफर्डमध्ये ब्रह्मा सिंग व व्हॉन विल्यम्स यांनी त्याचा ठोक्यांवरचा परिणाम सिद्ध केला. औषध जबरदस्त आहे, पण २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि माणसाची रोजची गरज एका मिलिग्रॅमच्याही छोट्या अंशाची. म्हणून ते घेणाऱ्याच्या थायरॉइड आणि यकृताची ठरावीक काळाने तपासणी लागते, फुप्फुसांवरही लक्ष ठेवावं लागतं. ते सुरू असताना वॉरफेरिनचा परिणामही वाढतो आणि त्याची मात्रा कमी करावी लागते. वनस्पतीतून आलं म्हणून निर्धोक, हा समज इथे कोसळतो.

पनवेलकरांना तर हे वेगळं सांगायला नको. १८७२ पासून आयुर्वेदिक औषधं बनवणारं धूतपापेश्वर याच गावातलं. जवळच रसायनी आणि तळोज्यात रसायनांचे कारखाने उभे राहिले. काढा, अरिष्ट आणि रसायन एकमेकांच्या शेजारी नांदतात असं हे गाव. खमीरा घेऊ नका, असं माझं म्हणणं नाही. जे काही घेता ते डॉक्टरांपासून लपवू नका, एवढंच म्हणणं आहे. कलौंजी आणि लसणाचे अर्क मोठ्या मात्रेत, तसंच अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर रक्तस्राव वाढवू शकतात.

हिजामाबद्दलही उघड बोललं पाहिजे. चांद्र महिन्याच्या १७, १९ आणि २१ तारखेला हिजामाची शिबिरं लागतात. सुन्नत म्हणून लोक श्रद्धेने जातात. श्रद्धेवर माझा आक्षेप नाही. पण त्वचेला चिरा देऊन रक्त काढण्याआधी “रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का?” हा प्रश्न प्रत्येक शिबिरात विचारलाच गेला पाहिजे आणि उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला आदबीने परत पाठवलं पाहिजे. हिजामासाठी म्हणून चार दिवस गोळी बंद करायला सांगणं हा तर सरळ जिवाशी खेळ.

आता रोजा. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आजारी माणसाला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत आहे. आजार कायमचा असेल तर फिदियाची वाट आहे. ही सवलत खुद्द अल्लाहने दिली आहे. ती घेणाऱ्याला कमी ईमानाचा समजण्याचा हक्क मोहल्ल्यातल्या कुणालाही नाही. हृदय फार कमजोर असेल, अंगावर सूज असेल, दम लागत असेल, किडनी बिघडलेली असेल किंवा नुकताच झटका येऊन गेला असेल, तर रोजा ठेवायचा की नाही हे डॉक्टर सांगतील ते ऐकावं.

ज्यांची तब्येत स्थिर आहे, त्यांच्यातल्या अनेकांना मात्र रोजा आणि गोळी या दोन्हींचा मेळ घालता येतो. अलीकडची काही वर्षं रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतोय. कोकणात या दिवसांत रोजा साधारण १३ तासांचा असतो. दिवसातून दोनदा घ्यायची अॅपिक्साबॅन किंवा डॅबिगाट्रॅन सहरी आणि इफ्तारला घेतली, तर दोन गोळ्यांमधलं अंतर जवळपास बारा-बारा तासांचंच राहतं. रिव्हारोक्साबॅन जेवणासोबत घ्यायचं असतं, नाहीतर ते पुरेसं अंगी लागत नाही. ते इफ्तारच्या जेवणाबरोबर बसतं, नुसत्या खजूर-पाण्यावर नाही. वॉरफेरिन किंवा निकोमॅलोन दिवसातून एकदाच असतं आणि बहुधा संध्याकाळी. राहून गेलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. मुख्य म्हणजे वेळापत्रक बदलण्यासाठी रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटावं. चांदरात ही त्यासाठी योग्य वेळ नव्हे.

रमजानमध्ये जेवण बदलतं, त्याबरोबर आयएनआरही हलतो. पालक, मेथी, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं. ते जुन्या गोळीचा असर कमी करतं. म्हणून पालेभाजी बंद करायची नसते, रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं असतं. महिन्यात एकदा तरी तपासणी करावी. आपले कोकणी मुसलमान शाफई, बाकी बरेच हनफी. तपासणीसाठी रक्त दिल्याने दोन्ही मसलकांत रोजा तुटत नाही. डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी जुलाब-उलट्या झाल्या, नजरेत पिवळेपणा आला किंवा भूक मेली, तर रोजा सोडून दवाखाना गाठावा. विष आणि औषधातलं अंतर या गोळीत फार थोडं आहे.

सर्वात अवघड विषय शेवटी. रूमॅटिक झडपेच्या रुग्णांत तरुण बायका बऱ्याच असतात. रिश्ता ठरवताना आजार लपवला जातो. लग्नानंतर सासरी गोळी लपवून घ्यावी लागते, मग ती चुकते, मग बंद होते. दिवस राहिले तर आणखी गुंता. वॉरफेरिनच्या जातीची गोळी गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळाला इजा करू शकते आणि डॉक्टरांना न विचारता बंद केली तर आईच्या जिवाला धोका. दोन्ही जीव सांभाळण्याचे मार्ग आहेत, त्या काळात इंजेक्शनं देता येतात. पण त्यासाठी नवऱ्याला, सासूला आजार आधी माहीत हवा. मुलीची झडप खराब आहे हे सांगून ठरलेला निकाह, लपवून ठरलेल्या निकाहपेक्षा जास्त टिकाऊ असतो. हे मौलवींनी निकाहाच्या बैठकीत सांगितलं तर लोक ऐकतील. लेखकाचं कोण ऐकतं?

जमातींना एक सूचना. आपली जकात मोठ्या ऑपरेशनला धावून जाते. बायपास, झडप, डायलिसिस म्हटलं की दोन जुम्यांत रक्कम जमते. सरकारची महात्मा फुले योजनाही मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठीच आहे. झडप बदलून घरी आलेल्या बाईची दरमहा होणारी आयएनआर तपासणी मात्र कुणाच्याच हिशेबात बसत नाही. ती काहीशे रुपयांची तपासणी चुकते आणि लाखांची झडप गुठळीने बंद पडते. बैतुलमालच्या वहीत अशा रुग्णांसाठी एक पान उघडावं आणि त्यांच्या तपासणीचे पैसे परस्पर लॅबला द्यावेत. माझ्या मते जकातीचा याहून नेमका उपयोग क्वचितच असेल. उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक वार या तपासणीसाठी ठरवून मिळावा, ही मागणीही पनवेलच्या सर्वच समाजांनी मिळून करायला हवी. तापाने झडप खराब होते ती जात-धर्म विचारून होत नाही.

आणि साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने निदान आपली नब्ज धरायला शिकावं. मनगटावर तीन बोटं, घड्याळ समोर, एक मिनिट. ताल सरळ आहे की विस्कटलेला, एवढंच बघायचं. विस्कटलेला वाटला तर ईसीजी काढून घ्यावा. आपल्या हकीमांनी नब्जवर आयुष्यं घालवली. त्यांच्या वारशाचा एवढा भाग तरी आपण रमजानच्या आधी कामी लावू शकतो.